रानमाशांचा नाला शोधताना

पैनगंगा उगम पावते ती बुलढाणा जिल्ह्यात, देऊळघाटच्या पलीकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात. पुढे मेहकरला पोहोचेपर्यंत ती चांगली भरदार नदी होते. पण देऊळघाटच्या आसपास तिचे पात्र अजून लहान आहे, आणि तिला मिळणारे डोंगरातले नाले पावसाळ्यात फेसाळतात, दिवाळीनंतर संथ होतात आणि होळीच्या सुमारास बहुतेक ठिकाणी कोरडे पडतात. अशा मुलखात कुणी गळ घेऊन नाल्यातले रानमासे शोधायला निघाले, तर मासे धरणात असतात, नाल्यात काय मिळणार, असेच लोक म्हणतील. युरोपात मात्र मासेमारीची खरी हौस असलेला माणूस बरोबर उलटे करतो. पाळीव मासे सोडलेले तलाव त्याच्या घराजवळ असतात, तरी तो ते टाळतो आणि डोंगरातला एखादा अरुंद, कुणाच्या फारसा ओळखीचा नसलेला ओहोळ शोधतो. कारण त्या पाण्यात जन्मलेला, कुणी न सोडलेला ब्राउन ट्राउट त्याला हवा असतो. हा मासा देऊळघाटला मिळणार नाही आणि तो इथे आणण्याचा विचारही कुणी करू नये. परंतु तो शोधण्याची जी रीत तिकडे तयार झाली आहे, ती इथे जशीच्या तशी लागू पडते, आणि तिच्या मागे गेलो तर आपल्या नाल्यांत नेमके काय राखायला हवे तेही कळते.

ती रीत समजायची तर आधी ट्राउट समजून घ्यावा लागतो. मूळचा युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या काही भागांतला हा ठिपकेदार मासा पाण्याच्या तापमानाबाबत फार हळवा आहे. पाणी बारा ते सोळा-सतरा अंश सेल्सिअस असते तेव्हा तो नीट खातो आणि वाढतो. पाणी विसाच्या जवळ गेले की त्याचे खाणे मंदावते, आणि पंचविशीच्या पाण्यात काही दिवस राहावे लागले तर तो मरतो. त्याची मादी थंडीच्या तोंडावर खडीत खड्डा करून अंडी घालते. त्या अंड्यांना तर याहूनही गार आणि खडीच्या फटींतून सतत खेळते राहणारे पाणी लागते. यामागचे कारण प्राणवायूचे आहे. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. शिवाय पाणी तापले की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी चढते. म्हणून तिकडचा जाणता मासेमार सुरुवातीला मासा शोधतच नाही. ऐन उन्हाळ्यातही कोणता ओहोळ गार राहतो आणि वाहता राहतो, हे तो आधी पाहतो. त्यासाठी नकाशावर झऱ्यांच्या जागा, काठावरची झाडी आणि खडकाचा प्रकार तपासतो. थर्मामीटर पाण्यात बुडवतो, आणि दगड उलटून त्याच्या पोटाला चिकटलेल्या किड्यांच्या अळ्या पाहतो. एवढे जुळले की मासा बहुधा असतोच.

आता हेच गणित आपल्याकडे मांडून पाहू. जमिनीखाली काही मीटर खोल गेले की ऋतूंचा चढउतार पुसट होतो, आणि तिथल्या पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ स्थिरावते. बुलढाण्याची ही सरासरी पंचविशीच्या आसपास आहे. विदर्भात बुलढाणा थंड हवेचे गाव म्हणून ओळखले जाते, पण ते अकोल्याच्या तुलनेत. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरातला सर्वांत सावलीतला, सर्वांत निर्मळ झराही जमिनीतून बाहेर पडतानाच ट्राउटच्या सहनशक्तीच्या टोकाला पोहोचलेला असतो. बुलढाण्याचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे. दर हजार मीटर चढाईला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. पंचवीसचे पंधरा अंश करायचे तर आणखी दीड हजार मीटर, म्हणजे एकूण एकवीसशे-बावीसशे मीटर उंचीचा डोंगर लागेल. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरवर संपते. ही उंची दक्षिणेत उटीला मिळते, आणि नीलगिरीत ट्राउट टिकला हा काही योगायोग नव्हे.

तो भारतात आला त्याची हकिगतही याच मुद्द्याकडे नेते. माशांचे अभ्यासक फ्रान्सिस डे यांनी १८६०च्या दशकात इंग्लंडहून ट्राउटची अंडी नीलगिरीत आणण्याची खटपट केली, पण उष्ण कटिबंधातल्या लांबच्या प्रवासात ती जगली नाहीत. काश्मीरसाठी पाठवलेली पहिली खेप १८९९ साली वाटेतच वाया गेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली खेप तगली, आणि फ्रँक मिचेल यांच्या देखरेखीखाली हारवानला तिचे संगोपन झाले. १९०९ मध्ये हॉवेल यांनी काश्मीरचा ट्राउट कुलूच्या खोऱ्यात नेला. नीलगिरीत १९०७ नंतर एच. सी. विल्सन यांच्या प्रयत्नांनी जो रुजला तो ब्राउन नव्हे, तर उत्तर अमेरिकेतला रेनबो ट्राउट. एवढा खर्च, एवढी चिकाटी आणि सरकारचे पाठबळ असूनही हे मासे मोजक्या उंच प्रदेशांच्या बाहेर पसरू शकले नाहीत.

यावर कुणी म्हणेल की काश्मीरचा ब्राउन ट्राउट सव्वाशे वर्षे तिथल्या ओहोळांत आपोआप वाढतो आहे. मग तो जंगली का नाही? जंगली तो आहेच, पण तिथला नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. झेलमच्या उपनद्यांमध्ये हिमालयातले स्वतःचे मासे होते आणि आहेत. अन्नासाठी आणि जागेसाठी ट्राउटशी स्पर्धा करावी लागल्याने त्यांच्यावर ताण आला, ही तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांची जुनी चिंता आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींची यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली, तिच्यात ब्राउन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत. न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओहोळांना ट्राउट सोडण्याच्या या शौकाची किंमत मोजावी लागली. तेव्हा ट्राउट आपल्याकडे जगत नाही, याची हळहळ वाटून घेण्याचे कारण नाही.

दख्खनच्या नाल्यांत जगणारे मासे ट्राउटच्या उलट अडचणीशी झुंजून घडलेले आहेत. त्यांना वर्षभर गार आणि वाहते पाणी मिळणार नाही, हे जणू धरूनच त्यांची शरीरे बनली आहेत. मरळ पाण्याच्या वर तोंड काढून थेट हवेतला प्राणवायू घेतो. डोक्यात त्यासाठी वेगळी पोकळी असते. त्याचा लहानखुरा भाऊबंद डोख तर ओंजळभर पाण्याच्या डबक्यात तग धरतो, आणि त्याचा नर पिल्ले तोंडात सांभाळतो. वाम दिवसा गाळात आणि दगडांच्या बेचक्यांत दडून राहते. मळ्या हनुवटीखालच्या चकतीने खडकाला घट्ट चिकटतो, म्हणून पुराच्या लोंढ्यात वाहून न जाता शेवाळ खरवडत राहतो. ही नावे गावागणिक बदलतात, मासे तेच असतात. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरापासून बोटभर लांबीच्या मुऱ्यांपर्यंत अनेक मासे शास्त्राला प्रथमच ठाऊक झाले. मोठ्या नदीत वाढणाऱ्या महाशीराला पुढे इंग्रज शिकाऱ्यांनी डोक्यावर घेतले, एच. एस. थॉमस यांनी १८७३च्या आपल्या पुस्तकात त्याची झुंज सामनपेक्षा सरस ठरवली. छोट्या नाल्यातल्या माशांना असा कुणी भाट मिळाला नाही, त्यामुळे ते आपल्याही नजरेतून सुटले.

त्यांचा नाला शोधायचा तर ट्राउटवाल्यांचा प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो. तिकडे विचारतात, ऑगस्टमध्ये पाणी गार कुठे राहते? आपण विचारायचे, मे महिन्यात पाणी मुळात उरते कुठे? याचे उत्तर खडकात आहे. बुलढाण्याचे पठार लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचे आहे. काळा कठीण पाषाण पाणी फारसे धरत नाही; त्याच्या भेगा, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र खडक आणि वरचा मुरूम यांत पाणी मुरते. दोन थरांच्या मधला तांबडा, मातीसारखा पट्टा ते पाणी खाली जाऊ देत नाही, आणि जिथे उतारावर हा सांधा उघडा पडतो तिथे झरा फुटतो. याच जिल्ह्यातल्या लोणारच्या विवरात काठाजवळून वर्षभर वाहणारी गोमुखाची धार प्रसिद्ध आहे. डोंगरात अशा लहान धारा ठिकठिकाणी असतात, फक्त त्यांना नाव नसते. त्यामुळे शोध सुरू करायचा तो पठाराच्या कडेखाली, जिथे उतार एकदम मोडतो तिथून.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांत एक प्रमाणाच्या नकाशांत हा भाग ५५ डी या गटात येतो. त्यांत बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे नाले काळ्या रेषेत दाखवलेले असतात. नकाशा जुना असेल तर निळ्या रेषेवर फार भिस्त ठेवू नये, कारण मधल्या काळात विहिरी आणि मोटारी वाढल्या आहेत. उलट काळ्या रेषेवर कुठे तुटक निळा ठिपका असेल तर तो आवर्जून पाहावा, बहुधा तो डोह असतो. दुसरे साधन उपग्रहाचे. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे दर पाच दिवसांनी विनामूल्य मिळतात. त्यांतला एक ठिपका दहा मीटरचा असतो, म्हणून देऊळघाटसारख्या ठिकाणचा अरुंद नाला त्यात दिसणार नाही. दिसते ती एप्रिल-मे महिन्यांतली हिरवी रेघ. चहूकडे डोंगर करपलेला असताना करंज, जांभूळ, उंबर आणि अर्जुन यांची सलग रांग हिरवी असेल, तर मुळांना पाणी मिळते आहे हे नक्की. त्याच सावलीने डोहातले पाणी काही अंशांनी गार राहते, आणि वर सांगितलेले प्राणवायूचे गणित इथल्या माशांनाही लागू आहेच. प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर दगड उलटून अळ्या पाहाव्यात. खंड्या एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो का, हेही पाहावे. आणि सर्वांत भरवशाची माहिती गुराख्यांकडे आणि भोई समाजातल्या जाणत्यांकडे असते. कोणता डोह कोणत्या दुष्काळात आटला आणि कोणता आटला नाही, हे त्यांना जसे ठाऊक असते तसे कोणत्याही नकाशात सापडत नाही. गळवाल्याने आधी त्यांच्याकडे जावे, नमस्कार करून विचारावे, आणि त्यांचा जिथे मासेमारीचा हक्क आहे तिथे परवानगीशिवाय गळ टाकू नये.

या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य नकाशा उघडल्यावर लक्षात येते. बुलढाणा जलविभाजकावर वसले आहे. पठाराच्या दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेतून वर्धेला, पुढे गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला जाते. राजूर घाट उतरून मलकापूरकडे गेले की नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या उत्तरेला पूर्णेकडे वळतात आणि त्यांचे पाणी तापीतून अरबी समुद्राला मिळते. थोड्या अंतरावर दोन वेगळी खोरी, आणि त्यांतले मासे लाखो वर्षे आपापल्या खोऱ्यात घडत आलेले. म्हणून एका बाजूचा मासा बादलीतून दुसऱ्या बाजूला नेऊन सोडणे, हे कितीही सद्हेतूने केले तरी चुकीचे आहे. बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यानचे ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. तिथल्या राखलेल्या झाडीतले नाले अभ्यासकाने परवानगी घेऊन पाहावेत. गळ मात्र तिथे चालत नाही.

या सगळ्या खटाटोपावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा असतो. धरणात आणि तलावांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली की सहकारी संस्थांना उत्पन्न मिळते आणि लोकांना स्वस्त प्रथिने मिळतात. मग नाल्यातल्या बोटभर माशांचे कौतुक कशाला? तलावातली मत्स्यशेती आवश्यकच आहे, तिला विरोध करण्याचे काही कारण नाही. पण ते मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आहेत आणि दरवर्षी बीज सोडले तरच बहुतेक ठिकाणी मिळतात. नाल्यातले मासे कुणी न सोडता परत येतात. शिवाय परके मासे सोडलेल्या जागीच थांबत नाहीत. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज ती राज्यातल्या कित्येक जलाशयांत ठाण मांडून आहे. आफ्रिकी मागूरवर केंद्राने २००० साली बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातोच. असे मासे तलावातून वर चढू लागले की लहान नाले हाच इथल्या माशांचा शेवटचा आसरा उरतो. राहिला आकाराचा प्रश्न. युरोपातल्या खडकाळ डोंगरी ओहोळांतला ब्राउन ट्राउटही बहुधा वीतभरच असतो, आणि तो पकडण्यासाठी लोक मैलोन्‌मैल चालतात. मासा केवढा, यापेक्षा तो त्या पाण्याचा आहे याला तिथे मोल आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. असे डोह शोधून त्यांचा पत्ता दिला, तर हौशी लोक जाऊन उरलेसुरले मासेही संपवतील. ही भीती खरी आहे. मे महिन्यात नाल्याचे सगळे मासे दोन-चार डोहांत कोंडलेले असतात. मोटार लावून डोह उपसला किंवा पाण्यात विजेचा प्रवाह सोडला, तर एका दुपारीत त्या नाल्याची पिढी खलास होते. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे तर १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. गळाने एकेक मासा पकडून सोडून दिला तरी तिशीपलीकडच्या, प्राणवायू उणा असलेल्या पाण्यात दमलेला मासा बहुधा सावरत नाही. म्हणून उन्हाळ्यात डोह शोधावा, पाहावा, त्याची नोंद ठेवावी. गळ टाकू नये. ब्रिटनमध्ये ट्राउटची मासेमारी विणीमुळे हिवाळ्यात बंद ठेवतात. आपले वेळापत्रक वेगळे हवे. जून-जुलैच्या पहिल्या पुरात चढणीचे मासे अंडी घालायला उथळ नाल्यांत आणि शेताच्या कडेपर्यंत जातात, तेव्हा त्यांना अडवून धरण्याची रीत जुनी असली तरी त्यात पुढच्या वर्षाचे मासे जातात. फेब्रुवारीनंतर नाला तुटून डोह उरतात. मधला सप्टेंबरअखेर ते जानेवारी हा काळ, पाणी वाहते आणि निवळलेले असताना, गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून गळ टाकायला योग्य आहे. पत्ता लपवून ठेवण्यापेक्षा एवढा नियम पाळणारे लोक तयार करणे मला जास्त उपयोगाचे वाटते, कारण ज्या डोहाची कुणाला माहितीच नाही तो आटला किंवा बुजला तरी कुणी विचारत नाही.

आणि तो आटतो किंवा बुजतो बहुतेक वेळा मासेमारीने नव्हे. रब्बीच्या कांद्या-गव्हासाठी काठावरच्या विहिरी चालू झाल्या की जानेवारीतच नाल्याची धार खाली जाते, कारण विहिरीचे आणि नाल्याचे पाणी एकच आहे. शेतकऱ्याने पीक सोडून मासे जगवावेत असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. ठिबकने वाचलेले पाणी मात्र दोघांच्याही कामी येते. खोलीकरणाचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. रस्त्याच्या कामासाठी लागणारा मुरूम तलाव आणि नाल्यांतून काढायचा आणि त्यातून पाणीसाठाही वाढवायचा, या योजनेला देशभर बुलढाणा पॅटर्न म्हणून नाव मिळाले. तलावातला गाळ काढण्याने फायदा झाला, हे मान्यच करावे. पण नाल्याचे पात्र यंत्राने एकसारखे सपाट खणले की खडीचा उथळ उतार, त्याखालचा खोलगट डोह आणि काठाची मुळे हे तिन्ही एकाच फेरीत नाहीसे होतात. मळ्याला शेवाळाचे दगड उरत नाहीत आणि वामेला लपायला बेचके उरत नाही. खणण्यापूर्वी शिवारातले जुने डोह दाखवून तेवढा भाग वगळा, असे ग्रामसभेत सांगता येते. फक्त ते डोह कोणते याची यादी गावाकडे तयार हवी.

बंधाऱ्यांच्या बाबतीतही असाच बारीक फरक आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढायचे आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा घालायचे, अशी त्याची रचनाच असते; बरगे वेळेवर निघाले तर चढणीचा मासा त्यातून वर जातो. सिमेंटचा नाला बांध मात्र बारमाही भिंत असतो. त्याच्या पायथ्याशी पहिल्या पुरात मासे जमतात, उड्या मारतात, आणि तिथेच पकडले जातात. अशा भिंतीच्या खालच्या अंगाला मोठ्या दगडांचा लांब, तिरपा उतार रचला, तर पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि लहान मासाही दम खात वर चढू शकतो. परदेशांत ट्राउटसाठी असे उतार अनेक ठिकाणी बांधले गेले आहेत. आपल्याकडे त्यासाठी लागणारा दगड नाल्यातच पडलेला असतो, आणि बांधाची दुरुस्ती निघते त्याच वेळी हे काम उरकता येते.